ल्यूपस, त्वचीय : असामान्य प्रकार व त्यांचे निदान

शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा (रोगजंतूंपासून संरक्षण करणारी यंत्रणा) स्वतःच्याच ऊतकांविरुद्ध (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांच्या समूहांविरुद्ध) कार्य करू लागल्यामुळे ल्यूपस एरिथिमॅटोसस हा विकार उद्भवतो. त्याच्या त्वचेवरील आविष्काराला त्वचीय ल्यूपस म्हणतात. हा विकार केवळ त्वचेपुरता मर्यादित राहू शकतो किंवा सांधे, मूत्रपिंड, रक्त, तंत्रिका तंत्र (मज्जासंस्था) इत्यादींना ग्रासणाऱ्या सार्वदेहिक ल्यूपसचा एक भाग असू शकतो. नाकावर व दोन्ही गालांवर पसरणारा, पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराचा लाल पुरळ हे त्याचे सर्वपरिचित रूप होय. तथापि पुष्कळ रुग्णांत ते आढळत नाही. नायटा, सोरायसिस, मुरुम, चामखीळ, कुष्ठरोग, थंडीने येणारी बोटांची सूज, इतकेच नव्हे तर कर्करोग यांच्याशीही गल्लत व्हावी असे या विकाराचे अनेक प्रकार आहेत. त्यांचे निदान करण्यास कोणतेही एक लक्षण वा एक चाचणी पुरेशी नसते. चट्ट्याचे स्वरूप व स्थान, रुग्णाचा पूर्ववृत्तांत, ऊतकाची सूक्ष्मदर्शकीय तपासणी आणि रक्तपरीक्षा यांचा मेळ घालूनच ते करावे लागते. निदानास उशीर झाल्यास चेहऱ्यावर कायमचे वण व डोक्यावर कायमचे टक्कल राहते. उलट, दुसऱ्याच रोगाला ल्यूपस ठरविल्यास रुग्णाच्या माथी दीर्घकालीन औषधे येतात आणि मूळ रोग तसाच वाढत राहतो.

इतिहास : ‘ल्यूपस’ या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगा असा आहे. लांडग्याने चावा घ्यावा त्याप्रमाणे चेहऱ्याचे मांस झडविणाऱ्या विविध रोगांना मध्ययुगीन यूरोपात हे नाव दिले जाई. त्यांत त्वचेच्या क्षयरोगाचाही समावेश होता व त्या रोगाचे ‘ल्यूपस व्हल्गॅरिस’ हे नाव अद्याप रूढ आहे. मात्र चर्मक्षय हा जंतुजन्य असून प्रस्तुत विकाराशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. पॅरिस येथील पीएर काझनाव्ह यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ‘ल्यूपस एरिथिमॅटोसस’ ही संज्ञा प्रचारात आणली. त्याच सुमारास व्हिएन्नातील फेर्डिनांट फोन हेब्रा यांनी गालांवरील पुरळाला फुलपाखराची उपमा दिली. त्यांचे शिष्य मोरिट्स कापोसी यांनी १८७२ मध्ये या रोगात त्वचेबरोबर इतर इंद्रियेही बिघडू शकतात, हे दाखवून दिले. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्‌ज व त्यांचे सहकारी यांनी रुग्णांच्या अस्थिमज्जेत ‘एलई कोशिका’ पाहिली आणि प्रयोगशाळेच्या साहाय्याने निदान करण्याचा काळ सुरू झाला. १९६३ मध्ये त्वचेतील चट्ट्यांत प्रतिपिंडांचे (प्रतिरक्षा यंत्रणेने निर्माण केलेल्या विशिष्ट प्रथिनांचे) निक्षेप आढळले. जेम्स गिलियम यांनी १९७७ मध्ये केलेले या विकाराच्या त्वचीय आविष्कारांचे वर्गीकरण पुढे सर्वत्र स्वीकारले गेले.

सामान्य प्रकार : गिलियम यांच्या वर्गीकरणात तीव्र, उपतीव्र व चिरकारी असे तीन मुख्य गट आहेत. तीव्र प्रकारात वर वर्णिलेला पुरळ येतो. तो बहुधा सार्वदेहिक ल्यूपसबरोबर असतो आणि वण न ठेवता जातो. उपतीव्र प्रकार रिचर्ड सॉन्थायमर, गिलियम व त्यांचे सहकारी यांनी १९७९ मध्ये वेगळा ओळखला. त्यात छाती, पाठीचा वरचा भाग व बाहूंच्या बाहेरील बाजू यांवर कडीसारखे किंवा खवलेदार चट्टे उठतात. चिरकारी गटातील सर्वांत सामान्य प्रकार चकतीसदृश ल्यूपस हा होय. त्यात चेहरा, डोके व कान यांवर स्पष्ट कडांचे, चिकट खवल्यांचे चट्टे येतात. खवला उचकटल्यास त्याच्या खालच्या बाजूस केसांच्या रंध्रांत रुतलेली, खिळ्यांच्या टोकांसारखी बारीक कुसे दिसतात. चट्ट्याचा मध्य कालांतराने खोलगट व पांढुरका होतो आणि कड काळसर राहते. गोऱ्या त्वचेवर सहज दिसणारी लाली भारतीयांच्या सावळ्या त्वचेवर जांभळट किंवा तपकिरी भासते. म्हणून पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनावर विसंबल्यास आरंभीचा चट्टा नजरेतून सुटण्याचा संभव असतो.

विकृतिविज्ञान : सर्व प्रकारांचा पाया बव्हंशी समान आहे. सूर्यप्रकाशातील जंबुपार किरणांमुळे (जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरणांमुळे) बाह्यत्वचेतील कोशिका मरतात व त्यांच्या केंद्रकातील घटक उघडे पडतात. आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या व्यक्तींत त्यांविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात, इंटरफेरॉन या प्रथिनांचे प्रमाण वाढते आणि लसीका कोशिका (पांढऱ्या कोशिकांचा एक प्रकार) बाह्यत्वचेच्या तळाशी जमतात. सूक्ष्मदर्शकाखाली बाह्यत्वचेच्या तळच्या थरातील कोशिकांचा ऱ्हास, जाड झालेली आधारकला (बाह्यत्वचा व अंतस्त्वचा यांमधील पातळ पटल), रक्तवाहिन्या व केशपुटके यांभोवती लसीका कोशिकांचे पुंज आणि अंतस्त्वचेत बुळबुळीत म्यूसिनाचा संचय हे बदल दिसतात. हे बदल कोणत्या थरात प्रबळ आहेत यावर रोगाचे बाह्य रूप अवलंबून असते. ते वरच्या थरात असल्यास चट्टा खवलेदार होतो. फक्त अंतस्त्वचेत असल्यास खवला नसलेली गुळगुळीत सूज येते आणि त्वचेखालील चरबीत असल्यास वरून जवळजवळ निरोगी दिसणाऱ्या त्वचेखाली कठीण गाठ लागते. एकच रोग इतकी भिन्न रूपे का धारण करतो, याचा उलगडा यावरून होतो.

असामान्य प्रकार व भ्रामक साम्य : (१) नायट्यासारखा प्रकार : उपतीव्र ल्यूपसचे कडीसारखे चट्टे गजकर्णासारखे (नायट्यासारखे) दिसतात. कडेचा खवला खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडाच्या विद्रावात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास नायट्यात कवकाचे तंतू दिसतात, ल्यूपसमध्ये दिसत नाहीत. ही साधी व स्वस्त तपासणी टाळून कवकनाशक औषध देण्यात एक विशेष धोका आहे. टर्बिनाफीन हे नायट्यावरील औषध स्वतःच उपतीव्र ल्यूपस उत्पन्न करू शकते किंवा असलेला वाढवू शकते. अशा वेळी ‘नायटा’ वाढला असे समजून तेच औषध चालू ठेवले जाते. रक्तदाबावरील हायड्रोक्लोरोथायाझाइड व काही कॅल्शियमरोधक औषधे आणि आम्लपित्तावरील ओमेप्राझोल गटातील औषधे यांनीही असा पुरळ उठतो. तो औषध सुरू केल्यानंतर काही आठवड्यांनी, तर कधी काही महिन्यांनी वा वर्षांनी येतो. त्यामुळे औषधाशी त्याचा संबंध रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही.

(२) सोरायसिससारखा प्रकार : येथे खवलेदार चट्टे असतात, परंतु कोपर, गुडघे व डोक्याची त्वचा या सोरायसिसच्या नेहमीच्या जागा बहुधा मोकळ्या असतात आणि चट्टे उघड्या अंगावर अधिक असतात. सोरायसिसवर जंबुपार किरणांचा उपचार केला जातो. तोच ल्यूपसच्या रुग्णावर केल्यास रोग भडकतो. म्हणून उन्हाने पुरळ वाढतो असे सांगणाऱ्या रुग्णात किरणोपचारापूर्वी ल्यूपस नाही याची खात्री करून घेणे आवश्यक असते.

(३) मुरुमांसारखा प्रकार : चकतीसदृश ल्यूपसमध्ये केशपुटके केराटिनाने बुजतात. क्वचित हाच बदल इतका प्रबळ होतो की, गालांवर व कानांच्या वाटीत काळ्या टोकांचे पुटकुळ्यांसारखे ठिपके व खड्डे पडतात. ते मुरुमच वाटतात. मात्र ते मुरुमांच्या औषधांना दाद देत नाहीत आणि त्यांना खाज असू शकते. कानाच्या वाटीची तपासणी सर्वच संशयित रुग्णांत करावी, कारण बुजलेली रंध्रे व रंग गेलेले वण तेथे लवकर आढळतात. डोक्यावर हाच रोग झाल्यास चाईचा भास होतो. चाईत त्वचा मऊ असते व केस परत येऊ शकतात, तर ल्यूपसमध्ये केशपुटके नष्ट होऊन त्वचा चकचकीत होते.

(४) चामखिळीसारखा अतिवृद्ध प्रकार : बाहू, हात व चेहरा यांवर जाड, खरखरीत उंचवटे येतात. ते चामखीळ किंवा त्वचेचा शल्की कोशिकांचा कर्करोग यांसारखे दिसतात. वरवरचा पातळ तुकडा काढून तपासल्यास बाह्यत्वचेची अनियंत्रित वाढ तेवढी दिसते व कर्करोगाचे चुकीचे निदान होऊ शकते. तुकडा खोलवर घेतल्यास खालचे ल्यूपसचे बदल स्पष्ट होतात. प्लाझ्मासदृश वृक्षिकायुक्त कोशिकांना रंगविणारी सीडी-१२३ ही रंजनपद्धतीही अशा वेळी उपयोगी पडते. चूक उलट दिशेनेही होऊ शकते, कारण चकतीसदृश ल्यूपसच्या दीर्घकालीन, रंग गेलेल्या वणांत, विशेषतः खालच्या ओठावर, खरा कर्करोग उद्भवतो. म्हणून जुन्या वणात नवी वाढ किंवा न भरणारी जखम दिसल्यास ती पुन्हा तपासणे अपरिहार्य ठरते.

(५) फुगीर प्रकार : चेहरा, मान व छाती यांवर खवला किंवा वण नसलेले, गांधीसारखे गुळगुळीत लाल चट्टे येतात. गांधी चोवीस तासांत विरते, तर हे चट्टे आठवडेच्या आठवडे टिकतात. उन्हाच्या सामान्य अधिहर्षतेपासून (ॲलर्जीपासून) हा प्रकार वेगळा ओळखण्यास कालाचा हिशेब उपयोगी पडतो. अधिहर्षतेचा पुरळ उन्हात गेल्यावर काही तासांत ते एकदोन दिवसांत उठतो. ल्यूपसचा पुरळ अनेक दिवसांनी, कधी दोन-तीन आठवड्यांनी येतो. यामुळेच रुग्ण ‘ऊन सोसत नाही’ अशी तक्रार आपणहून करीत नाहीत. रक्तातील प्रतिपिंडे या प्रकारात बहुधा आढळत नाहीत.

(६) चरबीतील खोल प्रकार : दंड, गाल, खांदे, नितंब व स्तन यांच्या त्वचेखाली कठीण गाठी येतात व त्या विरल्यावर तेथे कायमचे खळगे पडतात. कापोसी यांनी १८८३ मध्ये याचे वर्णन केले होते. स्तनातील गाठ कर्करोगाची समजली जाण्याचा संभव असतो. याहून गंभीर प्रश्न चरबीत पसरणाऱ्या टी लसीका कोशिकांच्या कर्करोगाचा आहे. त्याचे बाह्य रूप व सूक्ष्मदर्शकीय चित्र या प्रकाराशी इतके मिळतेजुळते असते की, तज्ञांचीही फसगत होते. ताप, वजन घटणे, रक्तकोशिका कमी होणे किंवा उपचारांना दाद न मिळणे यांपैकी काही आढळल्यास निदानाचा फेरविचार करून दुसऱ्या जागेवरील खोल तुकडा तपासावा लागतो.

(७) थंडीच्या सुजेसारखा प्रकार : हातापायांची बोटे, टाचा, नाक व कानांच्या पाळ्या यांवर जांभळट, दुखऱ्या गाठी येतात. जोनाथन हचिन्सन यांनी इंग्लंडमध्ये १८८८ मध्ये याकडे लक्ष वेधले. थंड व दमट हवेत अशी सूज निरोगी माणसांनाही येते, पण ती ऋतू पालटल्यावर जाते. सूज उन्हाळ्यातही टिकून राहिली किंवा कोकणासारख्या उबदार प्रदेशातील रहिवाशाला ती आली, तर ल्यूपसचा शोध घ्यावा. या प्रकाराच्या एका कौटुंबिक रूपाचे मूळ टीआरईएक्स-१ या जनुकातील उत्परिवर्तनात असल्याचे २००७ मध्ये सिद्ध झाले.

(८) फोडांचा प्रकार : सार्वदेहिक ल्यूपसच्या काही रुग्णांत आधारकलेला खालून धरून ठेवणाऱ्या ‘कोलॅजेन-७’ या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात व अंगावर ताठ फोड येतात. इतर फोडरोगांपासून हा प्रकार वेगळा ओळखणे महत्त्वाचे असते, कारण त्यावर डॅप्सोन हे औषध विशेष गुणकारी ठरते. याखेरीज नेमाच्या चक्रांसारखा बहुरूपी पुरळ (१९६३ मध्ये वर्णिलेले रोवेल लक्षणसमूह) आणि भाजल्याप्रमाणे कातडी सुटून येणारा तीव्र प्रकारही आढळतो. हा तीव्र प्रकार औषधांच्या घातक प्रतिक्रियेसारखा दिसतो.

(९) नवजात बालकांतील प्रकार : आईच्या रक्तातील ‘आरओ’ प्रतिपिंडे वारेतून बालकात गेल्याने त्याच्या चेहऱ्यावर, विशेषतः डोळ्यांभोवती, कडीसारखे चट्टे येतात. ते नायटा किंवा इसब समजले जातात. आईची प्रतिपिंडे नाहीशी होताच, म्हणजे सु. सहा महिन्यांत, ते आपोआप जातात. परंतु याच प्रतिपिंडांमुळे हृदयातील विद्युत् संवेगांचे वहन कायमचे खंडित होऊ शकते. म्हणून अशा प्रत्येक बालकाचा विद्युत् हृल्लेख काढणे व आईचे रक्त तपासणे आवश्यक असते. कित्येकदा आईला कोणताही त्रास नसतो आणि तिच्या विकाराचा पहिला सुगावा बालकाच्या पुरळावरूनच लागतो.

इतर रोगांशी तुलना : गालांवरील लाली रोझेशिया या रोगातही असते, परंतु त्यात पूयुक्त पुटकुळ्या येतात व चेहरा तापल्यासारखा होतो. त्वक्-स्नायुशोथात (त्वचा व स्नायू यांच्या दाहयुक्त सुजेत) नाकपुड्यांपासून ओठांच्या कोपऱ्यांकडे जाणाऱ्या वळ्याही लाल होतात, तर ल्यूपसमध्ये त्या बहुधा मोकळ्या राहतात. हातांवर त्वक्-स्नायुशोथाचे चट्टे बोटांच्या सांध्यांवर व ल्यूपसचे दोन सांध्यांच्या मधल्या भागावर येतात. चर्मक्षयाच्या गाठीवर काच दाबून पाहिल्यास सफरचंदाच्या मुरंब्यासारखा पिवळट तपकिरी रंग दिसतो.

भारतात कुष्ठरोगाशी होणारी गल्लत सर्वांत क्लेशदायक ठरते. चेहऱ्यावरील किंवा कानावरील रंग गेलेला चट्टा पाहून रुग्णाला व कुटुंबाला कुष्ठरोगाची धास्ती वाटते व समाजातील जुन्या कलंकभावनेमुळे रुग्ण तो लपवितो. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्श, उष्णता व वेदना यांची संवेदना कमी होते आणि जवळच्या तंत्रिका जाड होतात. ल्यूपसमध्ये संवेदना शाबूत असते. मात्र चेहऱ्याला तंत्रिकांचा पुरवठा विपुल असल्याने तेथील कुष्ठरोगाच्या चट्ट्यातही संवेदना काही प्रमाणात टिकून राहू शकते. तसेच कुष्ठरोगाच्या बहुजंतुक प्रकारात रक्तात केंद्रकविरोधी प्रतिपिंडे सापडू शकतात. म्हणून केवळ रक्तपरीक्षेवरून ल्यूपस ठरविणे सुरक्षित नसते. संशय असल्यास त्वचेतील द्रवाचा लेप जंतूंसाठी तपासावा व ऊतकाची परीक्षा करावी [⟶ कुष्ठरोग].

निदानपद्धती : प्रथम संपूर्ण शरीराची चांगल्या उजेडात तपासणी करतात. असामान्य चट्ट्याच्या जोडीला कान, डोके, टाळू किंवा ओठ येथे एखादा नमुनेदार चट्टा सापडल्यास निदान सोपे होते. औषधांच्या दुकानांतून सल्ल्याविना घेतलेली स्टेरॉइडयुक्त मिश्र मलमे लावल्याने चट्ट्याच्या कडा पुसट होतात व ऊतकातील बदलही झाकले जातात. म्हणून त्यांची चौकशी करून ती शक्य तेथे काही आठवडे बंद ठेवावी लागतात.

जीवोतक परीक्षेसाठी (जिवंत शरीरातून काढलेल्या ऊतकाच्या तपासणीसाठी) चट्ट्याच्या विकसित पण वण न झालेल्या भागातून तुकडा घेतात. एक भाग फॉर्मॅलिनात ठेवतात. दुसरा चकाकी-रंजक तपासणीसाठी वेगळ्या द्रवात पाठवितात, कारण फॉर्मॅलिनात बुडविलेला तुकडा या तपासणीस सहसा निरुपयोगी ठरतो. या तपासणीत बाह्यत्वचेच्या तळाशी प्रतिपिंड व पूरक प्रथिने यांचा कणीदार, चकाकणारा पट्टा दिसतो, त्याला ल्यूपस पट्टा म्हणतात. चट्टा नवा असेल तर तो न दिसण्याचा संभव असतो आणि नेहमी उन्हात असणाऱ्या निरोगी चेहऱ्यावरही तो पुसट दिसू शकतो. कपड्याखालच्या निरोगी त्वचेत तो स्पष्ट आढळल्यास मात्र विकार सार्वदेहिक असल्याची शक्यता वाढते.

रक्तातील केंद्रकविरोधी प्रतिपिंडांची परीक्षा उपयुक्त असली, तरी तिचा अर्थ काळजीपूर्वक लावावा लागतो. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री अभ्यासात १:४० इतक्या विरलनाला सु. ३२%, १:८० ला सु. १३% व १:१६० ला सु. ५% निरोगी व्यक्तींत ही परीक्षा अस्तिपक्षी आढळली. याउलट, केवळ त्वचेपुरत्या चकतीसदृश ल्यूपसमध्ये ती बहुधा नास्तिपक्षी किंवा अगदी सौम्य असते. उपतीव्र प्रकारात सु. ७०% रुग्णांत आरओ प्रतिपिंडे सापडतात. तेव्हा नास्तिपक्षी निष्कर्षाने त्वचीय ल्यूपस नाकारता येत नाही आणि अस्तिपक्षी निष्कर्षाने तो सिद्ध होत नाही. निदान झाल्यावर लघवीतील प्रथिने, रक्तकोशिकांची संख्या, मूत्रपिंडाचे कार्य व डीएनएविरोधी प्रतिपिंडे तपासून इतर इंद्रियांची स्थिती अजमावतात. डोके व मान यांपुरता मर्यादित असलेला चकतीसदृश ल्यूपस सु. ५% रुग्णांत सार्वदेहिक रूप घेतो. धडावर पसरलेल्या प्रकारात हे प्रमाण अधिक असते. यासाठी ठराविक काळाने पुनर्तपासणी करीत राहतात.

चिकित्सा : उन्हापासून संरक्षण हा सर्व प्रकारांत उपचाराचा पाया आहे. रुंद काठाची टोपी, पूर्ण बाह्यांचे कपडे व संरक्षक मलम यांचा वापर करतात. शेतात वा रस्त्यावर काम करणाऱ्या रुग्णांना भर दुपारचे ऊन टाळता येईल अशी कामाची वेळ आखून घेण्याचा सल्ला देतात. धूम्रपानाने रोग बळावतो, म्हणून ते सोडणे हिताचे असते. मर्यादित चट्ट्यांवर स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमस मलमे लावतात. १९५१ मध्ये फ्रान्सिस पेज यांनी मेपाक्रीन या हिवतापावरील औषधाचा गुण दाखविल्यापासून या वर्गातील औषधे प्रचारात आली. त्यांपैकी हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन सर्वाधिक वापरले जाते. डोळ्यातील जालपटलास इजा होऊ नये म्हणून त्याची मात्रा दर दिवशी वजनाच्या प्रत्येक किग्रॅ.ला ५ मिग्रॅ.पेक्षा जास्त ठेवीत नाहीत व डोळ्यांची नियमित तपासणी करतात. त्याने गुण न आल्यास मेथोट्रेक्झेट, मायकोफेनोलेट इ. औषधे तज्ञांच्या देखरेखीखाली देतात. औषधजन्य प्रकारात कारणीभूत औषध थांबविणे हाच मुख्य उपचार होय.

वण पडण्यापूर्वी उपचार सुरू झाल्यास त्वचा जवळजवळ पूर्ववत होते. वण पडल्यानंतर मात्र औषधाने नवे चट्टे थांबतात, गेलेले केस व रंग क्वचितच परत येतात. त्यामुळे एखादा ‘नायटा’, ‘मुरुम’ किंवा ‘कोड’ योग्य उपचारानेही अपेक्षेप्रमाणे बरा होत नसेल, उन्हानंतर वाढत असेल किंवा मागे खोलगट वण ठेवीत असेल, तर औषध बदलण्याआधी निदान पुन्हा तपासावे, असा तज्ञांचा संकेत आहे.